टेकडीवरील घर

वॉशिंग्टन शहर पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा नदीच्या एकाच काठावर फिरतो. शुभ्र घुमटाचे संसदभवन, राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, लिंकनचे स्मारक आणि वॉशिंग्टनच्या नावाचा तो उंच मनोरा एवढे डोळ्यांखालून घातले की अमेरिकेची राजधानी पाहिली, असे समाधान मानून तो परततो. वाचकहो, आपल्यापैकी कोणास त्या शहरी जाण्याचा योग आला, तर आणखी एक दिवस हाताशी राखून ठेवावा आणि अ‍ॅनाकोस्टिया नदी ओलांडून पलीकडच्या वस्तीत जावे. ज्या पुलावरून आपण जाल त्या पुलाला फ्रेडरिक डग्लस यांचे नाव आहे आणि ज्या टेकडीकडे जावयाचे, तिच्यावर त्यांचेच घर आहे.

टेकडीचे नाव ‘सीडर हिल’. रस्त्यापासून घरापर्यंत पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतात. वर पोहोचल्यावर धाप लागते खरी. पण पुढच्या ओसरीत उभे राहून मागे वळून पाहिले की श्रमाचे सार्थक होते. खाली वस्तीची छपरे, त्यापलीकडे नदी आणि नदीपलीकडे संसदेचा घुमट. ज्याला लहानपणी अंगभर वस्त्रही मिळत नव्हते, जो कायद्याने माणूस नसून मालमत्ता होता, त्याने उतारवयात या ओसरीवरून तो घुमट न्याहाळला.

१८७७ साली डग्लस यांनी हे घर ६,७०० डॉलरांना विकत घेतले आणि पुढच्या वर्षी ते येथे राहावयास आले. ही वस्ती वसविताना येथील जागा केवळ गोऱ्यांनाच विकावयाची, अशी अट घालण्यात आली होती. ती वस्ती वसविणाऱ्याचे दिवाळे वाजले, त्याचे स्वतःचे घर विक्रीस निघाले आणि ते घेतले एका कृष्णवर्णीयाने! इतिहास कधीकधी असा मिस्कील होतो. घराच्या किमतीचा आकडा मात्र आपण लक्षात ठेवावा. त्याच्या जोडीला दुसरा एक आकडा पुढे यावयाचा आहे.

पण हे घर नीट पाहावयाचे, तर आधी टेकडी उतरून आपणांस सुमारे साठ वर्षे मागे जावे लागेल.

बारा मैलांची वाट

वॉशिंग्टनहून पूर्वेस निघाले म्हणजे चेसापीक उपसागर लागतो. आज त्यावर लांबलचक पूल आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर मेरिलँड राज्यातील टॅल्बट परगणा पसरला आहे. सपाट जमीन, मक्याची शेते, खाडीचे आत शिरलेले फाटे आणि दलदलीतले गवत. त्यांतील टकाहो नावाच्या ओढ्याकाठी, आजीच्या खोपटात, १८१८ सालच्या फेब्रुवारीत फ्रेडरिकचा जन्म झाला. ही नोंद त्याच्या धन्याच्या वहीत होती. फ्रेडरिकला मात्र ती ठाऊक नव्हती. गुलामाच्या मुलाला वाढदिवस कसला? त्याचा जन्म पेरणीच्या सुमारास की कापणीच्या, एवढेच काय ते सांगितले जाई. बाप कोण हेही त्याला कधी निश्चित कळले नाही; तो कोणी गोरा असावा, एवढीच कुजबूज त्याच्या कानी आली.

आईचे नाव हॅरिएट बेली. तिला बारा मैल दूर दुसऱ्याच्या शेतावर राबावयास धाडले होते. दिवसाचे काम आटोपल्यावर ती रात्री पायी चालत येई, मुलाला कुशीत घेऊन निजवी आणि सूर्योदयापूर्वी परत शेतावर हजर होण्यासाठी निघून जाई. अशा भेटी चारपाचच झाल्या. एका भेटीत तिने त्याला हृदयाच्या आकाराचा गोड केक दिला होता. त्या आठवणीवरून पुढे त्याने १४ फेब्रुवारी हा आपला जन्मदिवस मानला. तो सात वर्षांचा होण्याच्या सुमारास आई वारली. तिच्या आजारपणात किंवा दफनाच्या वेळी त्याला तिच्याजवळ जाऊ दिले गेले नाही.

सहाव्या वर्षी आजीने त्याचा हात धरून त्याला बारा मैल चालवीत लॉइड घराण्याच्या वाय हाउस या मोठ्या वाड्यावर नेले. तेथे इतर मुलांत त्याला खेळावयास सोडले आणि त्याच्या नकळत ती परत फिरली. तिने हे निर्दयपणाने केले नाही; हुकूमच तसा होता. पण तो मुलगा जमिनीवर पडून किती रडला, हे त्याने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. वाय हाउस आजही उभे आहे. अशा वाड्यांचे खांब आणि बागा पाहून डोळे निवतात. तथापि त्या बागा कोणाच्या घामावर फुलल्या हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या फार वेळ पाहवत नाहीत.

पावाच्या मोबदल्यात अक्षरे

१८२६ साली फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरी ह्यू ऑल्ड यांच्या घरी धाडण्यात आले. बंदराजवळच्या फेल्स पॉइंट भागात हे कुटुंब राही. घरची मालकीण सोफिया स्वभावाने मायाळू. तिने या आठ वर्षांच्या मुलाला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. नवऱ्याला हे कळताच त्याने तिला खडसावले. गुलामाला वाचावयास शिकविले तर तो गुलाम म्हणून निरुपयोगी होईल, असे त्याचे म्हणणे. मुलगा तेथेच उभा राहून ऐकत होता. धन्याला ज्या गोष्टीची एवढी धास्ती वाटते, तीच आपल्या सुटकेची वाट असली पाहिजे, एवढे त्याला त्या क्षणी उमगले. शिक्षणाचे माहात्म्य इतक्या नेमकेपणाने एखाद्या गुरूनेही त्याला सांगितले नसते.

मग त्याने स्वतःच शाळा काढली, आणि तीही रस्त्यावर. कामास बाहेर पडताना तो खिशात पाव घेई. त्या गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना पाव द्यावा आणि मोबदल्यात एकेक धडा घ्यावा, असा हा व्यवहार. गोदीत सुतार लाकडांवर खुणेची अक्षरे खडूने लिहीत. ती पाहून तो अक्षरे गिरवावयास शिकला. बारातेराव्या वर्षी साठविलेल्या पन्नास सेंटांतून त्याने वक्तृत्वाच्या उताऱ्यांचे एक जुने पुस्तक विकत घेतले. ज्या वक्त्याच्या वाणीने पुढे दोन खंड हालले, त्याची ही बाराखडी.

फेल्स पॉइंटला गेलात तर डॅलस स्ट्रीटवरची पाच साधी विटांची घरे अवश्य पाहा. कृष्णवर्णीय भाडेकऱ्यांना चांगले घर मिळावे म्हणून डग्लस यांनी १८९२ साली, आपल्या लहानपणीच्या चर्चच्या जागेवर, ती बांधून घेतली.

खलाशाच्या वेषात

१८३३ साली त्याला पुन्हा खेड्यात, सेंट मायकल्स येथे थॉमस ऑल्ड या धन्याकडे आणण्यात आले. वाचणारा गुलाम हट्टी होतो, म्हणून त्याला ‘वठणीवर आणण्यासाठी’ एक वर्ष एडवर्ड कोवी नावाच्या माणसाकडे ठेवले. गुलामांचा कणा मोडणे हीच या कोवीची ख्याती होती. सोळा वर्षांचा फ्रेडरिक दर आठवड्याला चाबकाचे फटके खाई. रविवारी उपसागराच्या काठी बसून तो पांढऱ्या शिडांची जहाजे पाही. वाऱ्यालाही हवे तेथे जाण्याची मुभा, आणि आपण मात्र जखडलेले, या विचाराने त्याचे मन पिळवटून निघे. आपण पुलावरून उपसागर ओलांडाल तेव्हा खाली शिडे दिसली, तर त्या मुलाची आठवण ठेवा.

ऑगस्ट १८३४ मध्ये कोवी त्याला बांधावयास धावला असता त्याने कोवीचा गळा धरला. सुमारे दोन तास झटापट चालली. कोवीला त्याच्यावर मात करता आली नाही. आणि आपला लौकिक बुडेल म्हणून त्याने ही गोष्ट कोणाला सांगितलीही नाही. त्या दिवसानंतर फ्रेडरिकला कोणी फटके मारू शकले नाही.

दोन वर्षांनी पळून जाण्याचा एक बेत फसला आणि तो ईस्टन गावच्या तुरुंगात पडला. त्याच ईस्टनच्या न्यायालयासमोर २०११ साली त्याचा पुतळा उभारण्यात आला. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांचे स्मारकही त्याच हिरवळीवर होते. दोन्ही काही वर्षे एकमेकांजवळ उभी होती. मोठ्या वादानंतर मार्च २०२२ मध्ये सैनिकांचे स्मारक तेथून हलविण्यात आले.

तुरुंगातून सुटल्यावर फ्रेडरिकला बाल्टिमोरला परत पाठविले गेले. तेथे तो गोदीत जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजविण्याचे काम शिकला. मजुरी तो मिळवी आणि आठवडा संपताच धनी ती काढून घेई. याच शहरात त्याची अ‍ॅना मरे हिच्याशी ओळख झाली. ती जन्माने स्वतंत्र होती आणि लोकांच्या घरी काम करून चार पैसे बाळगून होती. तिने प्रवासखर्चाला हातभार लावला. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा पोशाख घालून, दुसऱ्या एका कृष्णवर्णीय खलाशाचा दाखला खिशात ठेवून, फ्रेडरिक चालत्या गाडीत चढला. दाखल्यातले वर्णन त्याच्याशी मुळीच जुळत नव्हते. तिकीट तपासनिसाने कागदावर ओझरती नजर टाकली आणि तो पुढे गेला. त्या एका नजरेवर सारे आयुष्य टांगलेले होते. आगगाडी, नाव आणि आगबोट असा प्रवास करीत चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. काही दिवसांनी अ‍ॅना तेथे आली आणि १५ सप्टेंबरला त्यांचा विवाह झाला.

पुढचा मुक्काम न्यू बेडफर्ड. देवमाशांच्या शिकारीवर चालणारे हे बंदर. तेथे नेथन आणि पॉली जॉन्सन या कृष्णवर्णीय दांपत्याने त्यांना आसरा दिला. त्यांचे घर आजही आहे. ओळख लपविण्यासाठी नवे आडनाव हवे होते. यजमान त्या वेळी सर वॉल्टर स्कॉटचे एक काव्य वाचीत होते. त्यातील एका वीराचे नाव त्यांनी सुचविले. अशा रीतीने फ्रेडरिक बेलीचे फ्रेडरिक डग्लस झाले.

रॉचेस्टरचा छापखाना

१८४१ च्या ऑगस्टमध्ये नँटकेट बेटावर गुलामगिरीविरोधकांची सभा भरली होती. डग्लस यांना दोन शब्द बोलावयास सांगितले. पाय कापत होते, शब्द अडखळत होते. पण ते बोलले. त्या दिवसापासून विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या चळवळीचे ते वक्ते झाले. त्यांचे भाषण इतके सफाईचे होऊ लागले की हा माणूस खरोखर गुलाम होता काय, अशी शंका श्रोते घेऊ लागले. तेव्हा १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध करून धन्यांची नावे, गावे, सारे काही उघड केले. चार महिन्यांत पाच हजार प्रती खपल्या. पण फरारी गुलामाचा ठावठिकाणा जगाला कळला! कोणत्याही क्षणी पकडून नेले जाण्याची भीती निर्माण झाली. ते आयर्लंड व ब्रिटनमध्ये गेले आणि सुमारे दोन वर्षे तेथे व्याख्याने देत राहिले. तेथील मित्रांनी वर्गणी काढून १८४६ साली त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. किंमत १५० पौंड, म्हणजे सुमारे ७११ डॉलर. वर सांगितलेल्या घराच्या किमतीशी हा आकडा ताडून पाहा. अशा विद्वान, देखण्या, धडधाकट माणसाचे मोल त्याच्या पुढील घराच्या नवव्या हिश्श्याएवढे ठरले होते!

परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे बिऱ्हाड केले आणि डिसेंबर १८४७ मध्ये ‘नॉर्थ स्टार’ हे साप्ताहिक सुरू केले. पळणारे गुलाम रात्री ध्रुवतारा पाहून उत्तरेची वाट धरीत. त्या ताऱ्याचेच हे नाव. रॉचेस्टरपासून ऑन्टॅरिओ सरोवर जवळ आणि सरोवरापलीकडे कॅनडा, म्हणजे अभयस्थान. डग्लस यांच्या घरी कित्येक फरारी रात्रीपुरते थांबले आणि पुढे मार्गस्थ झाले. या पाहुण्यांचे रांधणे-वाढणे करणाऱ्या अ‍ॅनाबाई स्वतः जवळजवळ निरक्षरच राहिल्या. पतीच्या कीर्तीत त्यांचा वाटा किती, हे कोणत्याही वृत्तपत्रात छापून आले नाही. म्हणून येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

१८४८ च्या जुलैत सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. स्त्रियांना मताधिकार हवा, हा ठराव तेथील अनेकांना फार धाडसी वाटत होता. डग्लस उठले आणि त्यांनी त्याला पाठिंबा दिला. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या सभागृहात त्यांनी देशबांधवांना विचारले की, तुमचा हा स्वातंत्र्यदिन गुलामाला काय सांगतो? उत्सवाच्या आनंदात बुडालेल्या श्रोत्यांच्या तोंडावर असा प्रश्न टाकावयास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना आपणच करावी.

१८६० च्या शिरगणतीप्रमाणे त्या देशात सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले. डग्लस यांनी कृष्णवर्णीय तरुणांना सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले आणि प्रथम आपले दोन मुलगे पाठविले. पण गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर आणि काळ्याला हाती सातच, हा पंक्तिप्रपंच त्यांना साहवेना. ऑगस्ट १८६३ मध्ये ते थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटले आणि त्यांनी हे गाऱ्हाणे मांडले. पुढील वर्षी समान वेतनाचा कायदा झाला. मार्च १८६५ मध्ये लिंकन यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या समारंभास ते गेले असता पहारेकऱ्यांनी त्यांना दारातच अडविले. लिंकन यांना वर्दी जाताच त्यांनी आत बोलावून सर्वांदेखत मित्र म्हणून त्यांचे स्वागत केले. महिन्याभरानंतर लिंकन यांची हत्या झाली. त्यांच्या पत्नीने लिंकन यांची एक हातकाठी डग्लस यांना आठवण म्हणून पाठविली. त्या वर्षाच्या डिसेंबरात घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली.

जुन्या धन्याच्या उशाशी

आता आपण पुन्हा १८७७ सालाशी येऊन पोहोचलो. त्या वर्षी डग्लस राजधानीचे मार्शल नेमले गेले. त्याच वर्षी त्यांनी सीडर हिल घेतले. आणि त्याच वर्षी ते सेंट मायकल्सला थॉमस ऑल्डच्या भेटीस गेले.

म्हातारा ऑल्ड अंथरुणाला खिळला होता. त्याने आलेल्या पाहुण्याला मार्शल म्हणून संबोधले. आपण मला पूर्वीप्रमाणे फ्रेडरिकच म्हणावे, असे डग्लस म्हणाले. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आले आणि काही वेळ कोणालाच बोलवेना. आपण पळालो तेव्हा आपणांस काय वाटले, असे डग्लस यांनी विचारले. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, अशा अर्थाचे उत्तर म्हाताऱ्याने दिले. डग्लस यांनीही एक चूक पदरी घेतली. वृद्ध आजीला ऑल्डने रानात मरावयास सोडले, असा आरोप त्यांनी आपल्या पुस्तकात केला होता. तो खरा नव्हता, हे त्यांना पुढे कळले होते आणि तसे ते जाहीरही करून चुकले होते. आता त्यांनी तोंडाने ते कबूल केले. मग त्यांनी आयुष्यभर छळणारा तो प्रश्न विचारला की, माझा जन्म केव्हाचा? ऑल्डला तारीख सांगता आली नाही. १८१८ च्या फेब्रुवारीतला असावा, एवढेच तो म्हणाला.

या भेटीवरून त्यांच्या स्वकीयांपैकी काहींनी त्यांना दूषणे दिली. अन्याय करणाऱ्याशी असा गोडवा का? परंतु डग्लस यांनी अन्याय कधी झाकला नाही, की सौम्य करून सांगितला नाही. व्यवस्थेशी वैर धरावे आणि मरणाच्या दारी असलेल्या माणसाशी माणसासारखे बोलावे, एवढेच त्यांनी केले. हे बरोबर की चूक, याचा निर्णय प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी करावा.

शेवटची संध्याकाळ

घरात शिरताच उजवी-डावीकडे दिवाणखाने आहेत. भिंतींवर चळवळीतील सोबत्यांची चित्रे, ग्रंथांनी भरलेली अभ्यासिका, तिच्यातील लिहिण्याचे मेज. याच घरात राहून त्यांनी १८८१ साली आपले तिसरे आत्मचरित्र पूर्ण केले. त्यांना व्हायोलिनचा नाद होता. एक नातू पुढे नामांकित वादक झाला. मागच्या आवारात दगडांची एक लहानशी खोली आहे. तिला खिडकी नाही. डिकन्सच्या कादंबरीतील शब्द घेऊन तिला ‘ग्राउलरी’ म्हणत. म्हणजे मनसोक्त कुरकुरण्याची खोली! एकांतात वाचावयास आणि विचार करावयास ते तेथे जाऊन बसत.

१८८२ साली अ‍ॅनाबाई वारल्या. दोन वर्षांनी डग्लस यांनी हेलन पिट्स या गोऱ्या सुशिक्षित स्त्रीशी विवाह केला. तिच्या घरचे रुष्ट झाले, यांच्या घरचेही. टीकेची झोड उठली. पण त्यांचा संसार सुखाचा झाला.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी डग्लस शहरात स्त्रियांच्या एका परिषदेस गेले होते. सुझन अँथनी या जुन्या सहकारिणीने त्यांना मानाने व्यासपीठावर नेले. संध्याकाळी घरी परतून सभेची हकीकत पत्नीला रंगवून सांगत असतानाच ते कोसळले आणि तेथेच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. रॉचेस्टरच्या माउंट होप दफनभूमीत त्यांची समाधी आहे. पुढे अँथनीबाईही त्याच भूमीत विसावल्या.

मृत्युपत्रात साक्षीदारांची एक सही कमी पडली आणि घर हातचे जाण्याची वेळ आली. हेलनबाईंनी कर्ज काढून मुलांचे हिस्से विकत घेतले आणि घराचे स्मारक व्हावे म्हणून १९०३ साली मृत्यू येईपर्यंत धडपड केली. त्यानंतर कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने देशभर वर्गणी गोळा करून गहाण सोडविले. १९६२ साली घर सरकारी उद्यानखात्याकडे आले आणि १९७२ साली सर्वांना खुले झाले. आपण जी खुर्ची, जे मेज पाहता, ते अशा अनेक अज्ञात हातांनी आपल्यासाठी राखले आहे.

मराठी वाचकाला या टेकडीवर आणखी एक आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८४८ साली, सेनेका फॉल्सची परिषद झाली त्याच वर्षी, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील सज्जनांना, ज्यांनी कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ बुद्धीने त्याग केला त्यांना. जोतीराव आणि डग्लस यांनी एकमेकांना पाहिले नाही. पण पुण्यातील त्या अर्पणपत्रिकेचा नमस्कार ज्यांच्यासाठी होता, त्या मंडळींत या टेकडीवरचा गृहस्थही होता, असे मानावयास काय हरकत आहे?

पायऱ्या उतरण्यापूर्वी ओसरीत क्षणभर थांबा. मावळतीच्या उन्हात दूरचा तो घुमट उजळलेला असेल. जमल्यास फेब्रुवारीच्या मध्यास येथे या. ज्या मुलाला वाढदिवस नव्हता, त्याचा वाढदिवस आता या घरी साजरा होतो. परत जाताना आपल्या घरी, शेजारी, गावात एखादे मूल अक्षरांवाचून राहिले आहे काय, हे एकदा आठवून पाहा. सीडर हिलला दिलेली भेट त्यानेच पुरी होईल.